तुझं नाव सांगीन

"येऊ का? नाई म्हटलं तरी चालते."

उंबऱ्याबाहेर उभं राहून बाई एवढं म्हणत आणि मग खरोखर उत्तराची वाट पाहत. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या वस्तीत विचारून आत येणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. पाटलाचा गडी असो की तहसिलीचा शिपाई, आमच्या अंगणात पाय टाकायला कुणाला परवानगी लागत नसे.

एकदा मी गंमत म्हणून "नाई" म्हटलं. नवी सून होते, सतरा वर्षांची. बाईंनी मान हलवली आणि वळून चालायलाही लागल्या. मी मागे धावले. "बाई, मी हासून बोलली. या ना!"

"मी नाई हासून विचारत," त्या म्हणाल्या. मग मात्र हसल्या आणि आल्या.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी त्या गावात गेले. देवळीपासून दीड कोसावर, कापसाचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला नाला आणि नाल्याच्या काठाला आमची वस्ती. तेव्हा तिला सगळे महारवाडाच म्हणत. वस्तीच्या टोकाला मिशनचं आवार होतं. आवार म्हणजे बोरीच्या काट्यांचं कुंपण, एक लाकडी फाटक, प्रार्थनेची कौलारू खोली, तिला लागून बाईंची राहायची खोली, आणि मागे एक बांधीव विहीर. प्रार्थनेला माणसं किती? बाई, आणि शेजारच्या खेड्यातून येणारं एक म्हातारं जोडपं. म्हातारा आजारी पडला की बाई एकट्याच. तरी रविवारी सकाळी गाण्याचा आवाज यायचाच. आवाज काही गोड नव्हता. माझी सासू, जिला मी आत्या म्हणे, चूल फुंकता फुंकता म्हणायची, "झालं सुरू. देवालेही कान असतात, हे इले कोणी सांगा."

बाई पन्नाशीच्या होत्या. पांढरं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक जाड पुस्तक आणि डोळ्यांच्या मलमाची डबी. मिशनच्या दवाखान्यात त्या मलमपट्टी शिकल्या होत्या. वस्तीतल्या लेकरांचे डोळे सदा आलेले असत. बाई लेकराचं डोकं मांडीवर घेत, कोमट पाण्यानं चिपडं पुसत, मलम लावत आणि मग त्याच्या आईला विचारत, "याच्यासाठी प्रार्थना करू का? नाई म्हटलं तरी चालते. मलम तं लागलंच आहे."

त्या आमच्यातल्याच. कारंजाकडच्या. मोठ्या दुष्काळात त्यांच्या आईला मिशननं उचललं आणि वाढवलं. नवरा प्रचारक होता, तो याच गावात वारला. तेव्हापासून त्याचं काम त्याच करत होत्या. वीस वर्षं ओसऱ्यांवर बसून त्या येशूच्या गोष्टी सांगत आल्या होत्या. बाया आवडीनं ऐकत. शेंगा फोडता फोडता ऐकत, गोधडी शिवता शिवता ऐकत. आणि वीस वर्षांत एकही जण ख्रिस्ती झाली नव्हती.

त्या दसऱ्याला आमची सगळी वस्ती नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. त्या दिवसाबद्दल मी वेगळं काय सांगू? परत आलो तेव्हा पायांवर बोटभर धूळ होती आणि म्हातारी माणसंसुद्धा ताठ चालत होती. दुसऱ्या दिवशी घराघरातले देव नाल्यात गेले.

बाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला थांबवून सगळं विचारलं. माणूस किती होतं, बसायला जागा मिळाली का, लेकरं हरवली नाहीत ना. विचारता विचारता त्यांचे डोळे भरून आले.

"वीस वर्स झाले सायत्रा," त्या आत्याला म्हणाल्या, "मी इथं गोष्ट सांगून राह्यली. कोणी उठून आलं नाई. अन् एका दिवसात सारेच्या सारे गेलते."

आत्याला रडणाऱ्या माणसाचा राग यायचा. ती म्हणाली, "तुझी गोष्ट चांगली होती बाई. पण तुझ्या देवानं तुझ्या मायले एकटीले उचललं. आमाले कोणी उचललं नाई, आम्ही सारे मिळून उभे झालो. तुले वाईट काऊन वाटते?"

 बाई आत गेल्या आणि फाटक लावून घेतलं. पंधरा दिवस वस्तीत आल्या नाहीत. सोळाव्या दिवशी आमच्या उंबऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"येऊ का?"

"रुसली होतीस ना?" आत्यानं विचारलं.

"रुसली होती. तुमच्यावर नाई, वरच्यावर." त्यांनी आकाशाकडे बोट केलं. "आता त्याचं माझं जमलं. पोट्ट्यायचे डोळे दाखव."

माघात गावातल्या एका शेतकऱ्याचा बैल मेला. पूर्वीच्या रिवाजानं आमच्या माणसांनी तो ओढून न्यायचा. वस्तीनं निरोप पाठवला, आता ओढणार नाही. तीन दिवस बैल तसाच गोठ्यात पडून राहिला. चौथ्या दिवशी गावानं स्वतःच तो गाडीला बांधून नेला, आणि त्याच संध्याकाळपासून आमच्यासाठी गाव बंद झालं. शेतात काम नाही. दुकानात मीठ नाही. गिरणीत दळण नाही. मिठासाठीसुद्धा आम्ही देवळीला चालत जाऊ लागलो.

तेवढंही निभलं असतं. चैत्र लागला, नाला आटला, आणि एका सकाळी मी वस्तीच्या विहिरीवर गेले तर बादली वर येता येता घासलेटचा वास आला. पाण्यावर तेलाचे रंग पसरले होते. कुणी ओतलं, केव्हा ओतलं, कुणीच पाहिलं नव्हतं.

आम्ही बारा-पंधरा जणी रिकाम्या घागरी घेऊन विहिरीभोवती उभ्या राहिलो. कुणी रडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. त्या गप्प राहण्याची मला जास्त भीती वाटली.

बाईंनी कुंपणावरून पाहिलं असावं. त्यांनी फाटक सताड उघडलं आणि त्याला दगड लावून ठेवला. आम्ही फाटकापर्यंत गेलो. आत्या सगळ्यांत पुढे होती. ती तिथेच थांबली. तिच्यामागे आम्ही सगळ्या थांबलो.

"याच्या बदल्यात काय पायजे तुले?" आत्यानं विचारलं.

ते ऐकून माझे कान तापले. पण आज वाटतं, तो प्रश्न विचारायलाच हवा होता.

 बाई म्हणाल्या, "दोर सांभाळून ओढा. जुना आहे."

आम्ही पाणी भरलं. सगळ्यांच्या घागरी भरल्यावर बाई म्हणाल्या, "अजून एक आयका. तुम्ही इथलं पाणी भरता तोवर मी गोष्ट सांगणार नाई. प्रार्थना करू का, असंही विचारणार नाई. मलम लावीन."

"ते काऊन?" मी न राहवून विचारलं.

"तहानेल्या माणसाले नाई म्हणता येत नाई पोरी. ज्याले नाई म्हणता येत नाई, त्याले विचारायचं कसं?"

आणि त्यांनी ते पाळलं. ते जाड पुस्तक पिशवीतून बाहेर निघालं, त्यांच्या खोलीत गेलं, आणि तिथेच राहिलं. वीस वर्षं जे काम केलं ते त्यांनी असं एका सकाळी थांबवलं. दुपारी आमच्या ओसरीवर येऊन बसत, पण नुसत्या. हात कुठे ठेवावे ते कळत नसल्यासारख्या. मग आत्या त्यांच्यापुढे निवडायला डाळ ठेवायची.

आठवड्याभरात वर्धेहून मिशनचे धर्मगुरू, पाळकसाहेब, सायकलवर आले. मी तेव्हा विहिरीवर होते. त्यांनी घाम पुसला, बायांची रांग पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, वीस वर्षं तुम्ही यांची दारं ठोठावलीत. आज ते आपल्या पायांनी आपल्या आवारात येतात. आणि तुम्ही त्यांना वचन सांगत नाही? हे मी काय ऐकतो?"

"खरं आयकलं साहेब."

"ही संधी देवानं दिली आहे."

"देवानं पाणी दिलं," बाई म्हणाल्या. "संधी आपण म्हणतो."

पाळकसाहेब भले माणूस होते, रागीट नव्हते. त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवली. जाताना म्हणाले, "सांभाळून. मिशनच्या लोकांवर सरकारची नजर आहे. गावाच्या भांडणात आपलं नाव यायला नको."

नाव यायचं ते येणारच होतं. मिशनच्या विहिरीवर वस्ती पाणी भरते, हे गावाला सलू लागलं. आधी दुकानदारानं बाईंना साखर बंद केली, मग मीठ. बाईही आमच्याबरोबर देवळीला चालत येऊ लागल्या. मग एक दिवस पाटलाचा निरोप आला की फाटकाला कुलूप लावा. बाईंनी निरोप्याला सांगितलं, "आमच्याकडे कुलूपच नाई." ते खरंच होतं.

त्या दुपारी माझ्याकडे दोन घागरी होत्या. एक भरली होती, दुसरीसाठी बादली सोडली होती. ऊन असं होतं की वस्तीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. गाडीच्या चाकांचा आवाज आला. कुंपणापलीकडे बैलगाडी थांबली, तिच्यावर बाभळीच्या काट्यांचा ढीग. सोबत आठ-दहा माणसं, हातांत काठ्या आणि खुरपी-फावडी. विहिरीत काटे टाकून ती बुजवायची, हे सांगायला नको होतं.

मी काय केलं ते लिहिणं भाग आहे. मी दोर सोडून दिला. बादली खाली आपटल्याचा आवाज झाला, आणि मी पळून प्रार्थनेच्या खोलीच्या भिंतीआड उभी राहिले.

बाई खोलीतून बाहेर आल्या. घाईत नव्हत्या. पदर नीट केला, विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसल्या, आणि पाय खाली सोडून हात मांडीवर ठेवले. बसणं-उठणं त्यांना अवघड जायचं, म्हणून एरवी त्या कठड्यावर कधी बसत नसत.

"उठा बाई," पुढचा माणूस म्हणाला.

"बसली आहे."

"आम्हाले तुमच्याशी भांडण नाई. हे पाणी बंद करायचं आहे."

"मंग मी बसते. तुमी विचार करा."

कुणीतरी हसलं. दोघांनी गाडीवरून काट्यांचा एक भारा ओढून खाली टाकला. बाईंच्या पायाजवळच पडला तो. त्या हलल्या नाहीत. आणखी एक भारा पडला. मी भिंतीआडून पाहत होते. ओरडावं तर वस्तीतून माणसं येतील, असं वाटत होतं. आणि वस्तीतून माणसं आली तर रक्त सांडेल, असंही वाटत होतं. खरं सांगायचं तर हा विचार नंतरचा. तेव्हा मी नुसती घाबरले होते.

मग एक जण पुढे आला. तिशीचा, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याची नातवंडं आज चांगली माणसं आहेत. त्यानं काठी उगारली. मला वाटतं घाबरवण्यासाठीच उगारली असेल. पण बाई उठल्या नाहीत, आणि सगळ्यांसमोर उगारलेली काठी त्याला खाली घेता आली नाही. काठी आली. बाईंनी उजवा हात आडवा केला.

सुकी काडी मोडल्यासारखा आवाज मी भिंतीमागे ऐकला.

 बाईंच्या तोंडून "अगं माय" एवढंच निघालं. हात मांडीवर घेऊन त्या तशाच बसून राहिल्या. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. गाडीवान खाली उतरलाच नव्हता, त्यानं बैल फिरवले. गाडी निघाली तसे बाकीचे तिच्यामागे निघाले. काट्यांचे दोन भारे तिथेच राहिले.

मी भिंतीआडून बाहेर आले. बाई म्हणाल्या, "तू होतीस?"

मी मान हलवली.

"बरं झालं मांगं राह्यलीस," त्या म्हणाल्या. ते त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, हे तेव्हाही कळलं.

माझ्या नवऱ्यानं आणि दिरानं त्यांना खाटेवर घालून देवळीच्या दवाखान्यात नेलं. मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. पट्टी बांधून, हात गळ्यात अडकवून संध्याकाळी परत आणलं. दवाखान्यातून ठाण्यावर कळवलं गेलं होतं. परवा सकाळी ठाणेदार चौकशीला येणार, असा निरोप आला.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत पाळकसाहेब एका बाजूला बसले होते आणि दारात आमच्या वस्तीची माणसं उभी होती. आत्या बाईंच्या उशाशी.

"बाई," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर ओले होते, "तुम्ही फार सोसलंत. पण नाव घेऊ नका. आपल्या प्रभूनं काय केलं? मारणाऱ्यांना क्षमा केली. तुम्ही म्हणा, गर्दीत दिसलं नाही. गावाचं मन वळेल. मिशनवरही बालंट येणार नाही."

"अन् आमचं काय?" दारातून माझा नवरा म्हणाला. "नाव नाई आलं तं परत येतीन ते. बाईले मारून काई झालं नाई, मंग आमाले मारून काय होणार आहे?"

"ती तुमची लढाई आहे. या बाई ख्रिस्ती आहेत."

"पाणी भरताना नव्हतं कोणी ख्रिस्ती!"

आवाज चढू लागले. बाईंनी डोळे मिटले होते. आत्या एकदम म्हणाली, "जा रे सारे बाहेर. साहेब, तुमीही. तिचा हात मोडला आहे, तिले ठरवू द्या."

सगळे गेले. मी पाणी देण्यासाठी थांबले. बाईंनी डोळे उघडून आत्याला विचारलं, "तू काय म्हणते सायत्रा?"

"मी काई म्हणत नाई," आत्या म्हणाली. "मी म्हटलं तं तुले नाई म्हणता येणार नाई."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. त्या दोघींमध्ये तेव्हा काय झालं, ते मी नीट सांगू शकणार नाही.

उन्हं कलल्यावर बाई उठल्या आणि मला म्हणाल्या, "चाल माझ्यासंग. नाई म्हटलं तरी चालते."

मी नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाही, कारण भिंतीमागची मी मलाच सहन होत नव्हते.

आम्ही गावात गेलो. दोन महिन्यांत वस्तीचं माणूस त्या गल्लीत शिरलं नव्हतं. दारांतून बाया पाहत होत्या. कुणी हटकलं नाही. बाई मधोमध चालत होत्या, हात गळ्यात, पावलं लहान. कुठे निघालो ते मला त्या घरासमोर उभं राहिल्यावरच कळलं.

तो ओसरीवर वखराचं लोखंडी पातं ठोकत बसला होता. त्याची म्हातारी आई खांबाला टेकून होती. आम्हाला पाहून त्याचा हातोडा थांबला.

बाई अंगणाबाहेर थांबल्या. "येऊ का?" त्यांनी विचारलं.

तो बोलला नाही.

"बरं, इथूनच सांगते. उद्या ठाणेदार येणार आहे. तो विचारन कोणं मारलं. मी तुझं नाव सांगीन. तुझ्या मांगं सांगायचं नाई म्हणून आधी तुले सांगाले आली."

म्हातारी सरळ झाली. "का रे? तूनं मारलं? तू तं म्हणे, तू मांगं होता?"

त्यानं आईकडे पाहिलं नाही. "अन् तुमचं ते माफ करणं कुठं गेलं?" तो बाईंना म्हणाला.  "दारोदार सांगत फिरता ना?"

"माफ केलं," बाई म्हणाल्या. "आज पहाटे केलं. लवकर नाई झालं, हात लय ठणकत होता. पण माफ केलं म्हणजे घडलंच नाई, असं मले म्हणता येत नाई. ते खोटं होईन. अन् मी खोटं बोलली तं उद्या या पोरीचा हात मोडन."

तो उठला. हातोडा हातातच होता. मी बाईंच्या पुढे झाले. मुद्दाम नाही, पाय आपोआप गेले. तो दोन पावलं पुढे आला. बाईंचा डावा हात माझ्या खांद्यावर पडला, आणि त्यांनी माझा पदर मुठीत घट्ट धरला. तोवर मला वाटत होतं की बाईंना भीती वाटत नाही.

"बस खाली," म्हातारी म्हणाली. मोठ्यानं नाही. "बस म्हणते ना."

तो बसला नाही. पण पुढेही आला नाही.

"जा तुमी," तो म्हणाला.

आम्ही वळलो. ती गल्ली मी आजही पावलांनी मोजू शकते. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता मागून काहीतरी येईल. बाई हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होत्या. प्रार्थना असेल म्हणून मी कान दिला, तर त्या म्हणत होत्या, "पळू नको, पळू नको, पळू नको." मला की स्वतःला, देव जाणे.

सकाळी चावडीसमोर ठाणेदार खुर्चीवर बसले. एका बाजूला गाव, एका बाजूला वस्ती. पाळकसाहेब सायकल धरून मधल्या जागेत. ठाणेदारांनी विचारलं, "बोला बाई, किसने मारा? भिऊ नका."

बाईंनी नाव सांगितलं. एकच नाव, बापाच्या नावासकट. दुसरं कुणाचंही सांगितलं नाही. "काठी एकानंच मारली," त्या म्हणाल्या.

"कोई गवाह? पाहिलं कुणी?"

गावाकडून आवाज नाही. वस्तीकडूनही नाही, कारण माझ्याशिवाय वस्तीतलं कुणी तिथे नव्हतंच. माझ्या नवऱ्याला वाटत होतं मी नंतर पोचले. मी त्याला तसंच सांगितलं होतं.

"मी होती," मी म्हणाले. "मी भिंतीमांगं लपली होती. मले सारं दिसलं."

लपले होते हे म्हणायची गरज नव्हती. पण बाई समोर उभ्या होत्या, आणि अर्धं खरं त्यांच्यासमोर सांगायला जीभ वळेना.

त्याला देवळीला नेलं. तिसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटून आला. पुढे खटला चालला आणि दोन महिन्यांची सजा झाली. म्हणून गावाचं मन पालटलं, असं मी सांगणार नाही. ठाणेदाराची फेरी दर आठवड्याला होऊ लागली आणि मृग जवळ आला. पेरणीला हात हवे होते. एक एक करून बोलावणी येऊ लागली. दुकानदारानं मीठ दिलं, तेही न बोलता. आमच्या माणसांनी वस्तीची विहीर उपसून, घासून साफ केली.

विहीर साफ झाली त्या दुपारी मी बाईंच्या दारात गेले. "आता आम्ही तुमचं पाणी भरत नाई," मी म्हणाले. "आता सांगा गोष्ट."

बाई पुस्तक घेऊन आल्या. दोन महिन्यांनी गोष्ट होणार होती, म्हणून साऱ्या वस्तीतल्या बाया जमल्या. त्यांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभर मेंढरं होती, एक हरवलं, धनी बाकीची रानात सोडून त्या एकासाठी डोंगर चढला. सांगताना बाई रंगून गेल्या होत्या. पट्टीतला हातसुद्धा हलवत होत्या.

आत्या ऐकून म्हणाली, "अन् बाकीची कोणाच्या भरवशावर सोडली त्यानं? लांडगा आला असता तं?"

 बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "वीस वर्स झाले, कोणी हे विचारलं नाई. मी पाळकसाहेबाले विचारते."

विचारायला वेळ मिळाला नाही. त्याच आठवड्यात मिशनचं पत्र आलं. बाईंची बदली कारंजाच्या पुढे, मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात केली होती. प्रकृतीच्या कारणास्तव, असं लिहिलं होतं. पाळकसाहेब स्वतः न्यायला आले आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता उभे राहिले. बाईंनी त्यांना बसायला सावली दाखवली.

सडकेपर्यंत सगळी वस्ती गेली. आत्या मात्र गेली नाही. म्हणाली, "चुलीवर भाजी आहे." मी परत आले तेव्हा चूल पेटलेलीच नव्हती.

मी काही ख्रिस्ती झाले नाही. बौद्धच आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. पुढे शिकले, मास्तरीण झाले. पण आजही कुणाबद्दल कडक बोलायची वेळ आली की आधी पायच त्याच्या घराकडे वळतात.

दोन वर्षांनी पाळकसाहेबांचं कार्ड आलं. बाई तापानं गेल्या होत्या. मी ते आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उद्या निघू."

आम्ही मोटारीनं कारंजाला गेलो, तिथून पुढे दुसरी मोटार पकडली आणि शेवटचा कोस पायी चाललो. वसतिगृहाच्या मागे ख्रिस्ती लोकांची दफनाची जागा होती. फाटकाला साखळी आणि साखळीपाशी एक राखणदार. त्यानं आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नातलग का?"

"हो," आत्या म्हणाली.

"कोण लागता तुम्ही त्यांच्या?"

आत्या थांबली. मला वाटलं आता ती बहीण म्हणेल, काहीही म्हणेल.

"मी तिच्यासंग भांडत होती," आत्या म्हणाली.

राखणदाराला काही उमगलं नसावं. पण त्यानं साखळी काढली. बाईंच्या कबरीची माती अजून बसली नव्हती, वर खडे होते. आत्या खाली बसली आणि एक एक खडा वेचून बाजूला टाकू लागली. ऊन डोक्यावर आलं, मी दोनदा हाक मारली. ती उठली नाही.